दोन जेवणांच्या मधे पोटात काय चालतं?

माझी भाची लातूरला राहून नीटची तयारी करते. मागच्या महिन्यात दोन दिवसांसाठी घरी आली तेव्हा म्हणाली, "मावशी, मी दिवसभर काही ना काही खात असते, तरी पोट भरल्यासारखं वाटतच नाही. अन् दुपारच्या क्लासला डोळे मिटायला लागतात." मग आम्ही दोघींनी बसून तिचा एक दिवस कागदावर लिहून काढला. सकाळी सहाला चहा-खारी. नवाला क्लासबाहेरच्या गाड्यावर पोहे. अकराला बिस्किटाचा पुडा, मैत्रिणींत वाटून. दीडला मेसचं जेवण: दोन पातळ पोळ्या, पाण्यासारखं वरण, भाजी आवडली नाही म्हणून ताटात तशीच. चारला चहा आणि समोसा. सहाला खोलीवरचा चिवडा. नवाला पुन्हा मेस. रात्री साडेअकराला नूडल्स. आठ वेळा तोंड चाललं होतं आणि त्यात धड जेवण म्हणावं असं एकही नव्हतं.

त्याच घरात माझी आई आहे, ऐंशीच्या पुढची. ती सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी दिवेलागणीनंतर ताट घेऊन बसते. भाकरी, कोरड्यास, वरण, चटणी, कांदा, वाटीभर ताक. अर्धा तास तरी जेवते. मधे कुणी काही पुढं केलं तर म्हणते, "आत्ताच तर जेवले की. मधी मधी तोंड उष्टं कशाला करायचं?" तिला भूक मारावी लागत नाही. तिला मधल्या वेळात भूक लागतच नाही.

एकाच घरातल्या दोन पोटांत एवढा फरक कशानं पडला, तेच इथं समजून घेऊ. आपल्याकडे या विषयावर बरीच वर्षं वाद चालू आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकार यांचा विचार पुढे नेत, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगाव पोचवली. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडं थोडं खा असं सांगणारेही आहेत. ऐकणारा गोंधळतो. आणि हा गोंधळ परवडणारा नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी साडेतेरा कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

कणगी आणि पेव

अन्नातलं पीठ पचलं की त्याची साखर होते आणि ती रक्तात येते. रक्तात मात्र तिला जागा फार थोडी. निरोगी माणसाच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून उपाशीपोटी जेमतेम एक चमचाभर, म्हणजे चार-पाच ग्रॅम साखर असते. म्हणून आलेली साखर लगेच उचलून स्नायूंत, यकृतात आणि चरबीत नेऊन ठेवावी लागते. हा निरोप स्वादुपिंड रक्तातून धाडतं. त्या निरोपाचं नाव इन्सुलिन. या लेखातला हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द.

आपल्या जुन्या घरांत धान्याच्या दोन जागा असायच्या. माजघरात कणगी, रोज हात घालायची. आणि जमिनीत खोल पेव, तोंड लिंपून बंद केलेलं. पेव उघडणं कष्टाचं काम, गरज पडली तरच करायचं. शरीरातही असंच आहे. यकृतातला साधारण शंभर ग्रॅमचा साठा ही आपली कणगी. रात्री आपण झोपलेलो असताना तिच्यातूनच थोडी थोडी साखर रक्तात सुटत राहते, म्हणून तर मेंदू आणि हृदय चालू राहतात. अंगावरची चरबी म्हणजे पेव.

इन्सुलिन चढलेलं असतं तोवर शरीर माल भरून घेत असतं, पेवाचं तोंड जवळपास बंद राहतं. चांगल्या जेवणानंतर ते चढतं आणि तीन ते पाच तासांत उतरून पहिल्या जागी येतं. उतरल्यावर कणगीतून आणि पेवातून माल निघू लागतो. आता भाचीचा कागद बघा. सहा, नऊ, अकरा, दीड, चार, सहा, नऊ, साडेअकरा. इन्सुलिनला पूर्ण उतरायला वेळ मिळाला तो फक्त झोपेत. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, दर दोन तासांनी नवी पोती दारात येऊन पडत असतील, तर पेव उघडायला कोण जाईल?

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. दिवसाचं एकूण खाणं अंगमेहनतीला पुरेल एवढंच असेल, तर मधे एक पेरू खाल्ला म्हणून कुणी जाड होत नाही. अडचण अशी की मधल्या वेळचं खाणं क्वचितच पेरूचं असतं. ते बहुधा मैदा, साखर आणि तेलाचं असतं, आणि त्याचा हिशेब आपण धरत नाही.

पोट गुरगुरतं म्हणजे भूकच लागली का?

मोंढ्यात सौदे उरकले, पोती उचलली गेली की झाडलोट सुरू होते. जठर आणि लहान आतडं रिकामं झालं की तिथंही तेच घडतं. दीड-दोन तासांच्या फेरीनं आकुंचनाची एक लाट वरून खाली सरकत जाते आणि उरलेसुरले कण, जिवाणू, मेलेल्या पेशी पुढं ढकलते. पोटातल्या गुरगुरीचा मोठा भाग हा या झाडूचा आवाज असतो. एवढ्यात वरून बिस्कीट पडलं की झाडलोट जागीच थांबते आणि पचनाचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आधीचं पचायच्या आत वर पुन्हा खाणं, याला आयुर्वेदात 'अध्यशन' असा वेगळा शब्दच आहे आणि तो दोषांच्या यादीत येतो.

मग खरी भूक कशी कळते? भुकेचाही एक निरोप आहे. तो जठरातून मेंदूकडे जातो, त्याचं नाव घ्रेलिन. जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली तो शोधला. त्याची गंमत अशी की तो घड्याळ पाळतो. रोज ज्या वेळेला आपण खातो, त्या वेळेच्या थोडा आधी तो चढतो, आणि खाल्लं नाही तरी काही वेळानं आपोआप उतरतो. दावणीची म्हैस जशी पेंडीच्या वेळेला हंबरते तसंच हे. तिला रोज चारला पेंड टाकायची सवय लावा, ती साडेतीनपासून दाराकडे मान करून उभी राहील. सवय मोडली की पहिले काही दिवस हंबरेल, मग तिची वेळ बदलेल. भाचीची चारची भूक अशी समोशानंच शिकवलेली होती.

तोंडाची भूक आणि पोटाची भूक ओळखायची माझ्या आईची कसोटी साधी आहे: शिळी भाकर अन् चटणी खावीशी वाटते का? वाटत असेल तर भूक खरी. फक्त भजेच हवे असतील तर थोडं थांबावं. मला यापेक्षा चांगली कसोटी अजून सापडलेली नाही.

दातांनाही सुट्टी लागते

गोड किंवा पिठूळ काही खाल्लं की तोंडातले जिवाणू त्याचं आम्ल करतात आणि दातांवरचं कठीण कवच विरघळू लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू धुऊन काढते, त्याला अर्धा ते एक तास लागतो. म्हणजे प्रश्न किती गोड खाल्लं याइतकाच किती वेळा खाल्लं याचाही आहे. हे कळलं एका दुःखद मार्गानं. १९४५ नंतर स्वीडनमधल्या व्हिपेहोम या रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांवर, त्यांची संमती न घेता, साखरेचे प्रयोग झाले. जेवणासोबत गोड खाणाऱ्यांचे दात फारसे किडले नाहीत. जेवणांच्या मधे चिकट टॉफी खाणाऱ्यांचे भयंकर किडले. त्या माणसांनी जे सोसलं त्यातून मिळालेलं हे ज्ञान आहे, निदान ते वाया तरी जाऊ नये.

खरी गडबड ताटात आहे

आता मुख्य गोष्टीकडे येते. मधलं खाणं बंद करा असं सांगणारे पुष्कळ आहेत, आणि ते ऐकून लोक चार दिवस दात-ओठ खाऊन राहतात, पाचव्या दिवशी फरसाणाचा डबा उघडतात. कारण त्यांचं जेवणच पुरेसं नसतं. जेवण हलकं झालं की मधे तोंड चाळवतं, मधे खाल्लं की जेवणाच्या वेळी भूक मोडलेली असते, म्हणून जेवण पुन्हा हलकंच होतं. हे रहाट थांबवायचं असेल तर हात ताटाला घालावा लागतो. डबा लपवून भागत नाही.

पोट भरल्याची जाणीव कशानं येते? प्रथिनांनी, चोथ्यानं, पाणी धरून ठेवणाऱ्या पदार्थांच्या नुसत्या आकारमानानं आणि चावण्यानं. १९९५ साली ऑस्ट्रेलियात एक सुंदर प्रयोग झाला. ३८ पदार्थ, प्रत्येकाचा वाटा सारख्याच उष्मांकांचा, म्हणजे सारखीच ऊर्जा देणारा. तो खाल्ल्यावर दोन तास पोट किती भरलेलं वाटतं हे लोकांना विचारलं. सगळ्यात वर आला उकडलेला बटाटा. सगळ्यात खाली लोण्या-मैद्याचा क्रोसाँ, आपल्या खारीचाच परदेशी भाऊबंद. दोघांत जवळपास सातपटीचा फरक होता. २०१९ साली अमेरिकेत वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे घरच्यासारखं साधं खाणं दिलं, हवं तेवढं खा म्हणून. कारखान्यातल्या खाण्याच्या दिवसांत ते रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होते. जेवतही होते जास्त भराभर.

आपल्याकडे येळवसेला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर-धाराशिवच्या शेतांत जे जेवण होतं ते आठवा. शेंगा-डाळी-पालेभाज्यांची भज्जी, ज्वारीचं पीठ आणि ताकाची आंबील, उंडे, भाकरी, खीर. कोपीशेजारी मांडी घालून, गप्पा मारत खाल्लेलं. त्यानंतर संध्याकाळपर्यंत कुणी म्हणतं का, काही तोंडात टाकायला आहे का? त्या ताटात वरच्या प्रयोगातलं सगळं आहे: डाळींची प्रथिनं, पाल्याचा चोथा, आंबिलीचं पाणी, भाकरी चावायला लागणारा वेळ.

रोज येळवस करता येणार नाही, पण तिची जुळणी रोजच्या ताटात आणता येते. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम प्रथिनं असतात आणि चोथाही जवळपास तेवढाच. गव्हाचं न चाळलेलं पीठ यात मागं नाही, त्यामुळे पोळीशी माझं वैर नाही. कमी पडतं ते सोबतचं. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण वरणात डाळ दिसली तर ना! आपल्या भागाची ओळखच तूर. लातूर जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या डाळीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. तरी कितीतरी घरांत, मेसांत, वसतिगृहांत वरण म्हणजे पिवळं पाणी. ज्वारीचंही तसंच. परभणीच्या कृषी विद्यापीठानं परभणी मोतीसारखं वाण दिलं, २०१८ मध्ये लोह आणि जस्त जास्त असलेली परभणी शक्ती दिली. पण शेतांत सोयाबीन आलं, रेशनवर गहू-तांदूळ आला, आणि भाकरी ताटातून हळूहळू मागं सरली.

म्हणून माझा आग्रह असा: प्रत्येक जेवणात घट्ट वरण, उसळ, पिठलं, अंडी, दही यांपैकी काहीतरी भरघोस असावं. पालेभाजी वाटीभर असावी, चमचाभर नव्हे. कांदा, काकडी, मुळा असं कच्चं काही चावायला असावं. जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी असावी, कारण थोडी चरबी जठर सावकाश रिकामं करते.

आणि बसून जेवावं. पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचायला वीसेक मिनिटं लागतात. सात मिनिटांत, मोबाईलकडे बघत जेवण उरकलं तर तो निरोप ऐकायला आपण ताटावर नसतोच.

हे मी खास बायकांसाठी लिहिते आहे. आपल्या घरांत बाई सगळ्यांना वाढते, मग उरलंसुरलं ओट्याशी उभ्यानं खाते. वरण संपलेलं असतं, भाजीचा रस्सा राहिलेला असतो. ती जेवली असं कुणी म्हणू नये. मग तिला चारला चहा-टोस्ट लागतो, सहाला मुलाच्या डब्यात उरलेलं लागतं, आणि वजन वाढलं की ऐकून घ्यावं लागतं, "तुझं दिवसभर तोंड चालू असतं." तिच्या तोंडाचा दोष नाही हा. तिच्या वाट्याचं वरण आधी बाजूला काढून ठेवा आणि तिला सगळ्यांबरोबर पानावर बसवा. मधल्या खाण्याचा अर्धा प्रश्न त्या घरात तिथंच सुटेल, असं मला मनापासून वाटतं.

"पण दर दोन तासांनी खाल्लं तर पचनाची शेगडी पेटती राहते म्हणतात"

अन्न पचवायला शरीर थोडी ऊर्जा खर्च करतं हे खरं. पण तो खर्च एकूण अन्नाच्या प्रमाणात असतो. चार भाकऱ्या दोनदा बसून खाल्ल्या काय किंवा आठ वेळा अर्धी अर्धी खाल्ली काय, खर्च सारखाच. २०१४ साली प्रागमध्ये मधुमेह असलेल्या ५४ जणांना बारा आठवडे दिवसातून सहा छोटी जेवणं आणि बारा आठवडे फक्त न्याहारी व दुपारचं जेवण दिलं, दोन्ही वेळा उष्मांक सारखेच आणि गरजेपेक्षा कमी. वजन दोन्हीकडे उतरलं, पण दोन जेवणांत जास्त: ३.७ किलो विरुद्ध २.३ किलो. अभ्यास छोटा आहे, त्यावर झेंडा रोवू नये. मात्र सारखं खाल्ल्यानं वजन उतरतं हा दावा त्यातून टिकत नाही.

"उपाशी राहिलं की मला पित्त होतं"

काहींना होतं, आणि तो त्रास खोटा नाही. पण अनेकदा रिकाम्या पोटी घेतलेला कडक चहा, तंबाखू, रात्रीचं उशिरा झणझणीत जेवण यांचा त्यात वाटा असतो. जठराच्या जखमा उपाशी राहिल्यानं होतात असा आपल्याकडे पक्का समज आहे. त्यांची दोन मोठी कारणं वेगळीच आहेत: एक जिवाणू आणि अंगदुखीच्या गोळ्या. तो जिवाणू बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी ओळखला आणि त्यासाठी त्यांना २००५ चं नोबेल मिळालं. जळजळ महिनोन् महिने असेल तर बिस्कीट खाऊन ती झाकू नका. डॉक्टरांकडे जा.

"मला शुगर आहे, मी काय करू?"

इथं घाई नको. मधुमेहाच्या काही गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतात. त्या घेऊन जेवण लांबवलं तर रक्तातली साखर धोक्याइतकी खाली येऊ शकते: घाम, थरथर, बेशुद्धी. इन्सुलिनची सुई घेणाऱ्यांचंही तेच. जेवणाच्या वेळा बदलायच्या तर आधी डॉक्टरांशी बोलून औषधाची मात्रा ठरवून घ्या. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, लहान मुलं, क्षयाचे रुग्ण, अंगानं खंगलेली म्हातारी माणसं यांना मधलं खाणं लागतं. उन्हात खुरपायला किंवा ऊसतोडीला जाणाऱ्या माणसालाही दहाची न्याहारी लागतेच. पण फडक्यात बांधून नेलेली भाकरी-चटणी हे जेवणच आहे, त्याला अरबट चरबट म्हणता येणार नाही.

"आल्या-गेल्याला चहा तर द्यावाच लागतो"

आपल्याकडे चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं, हे मला मान्य आहे. पण हिशेब बघू. कपात दोन चमचे साखर, दिवसाला पाच कप, म्हणजे चाळीस-पन्नास ग्रॅम साखर. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सुचवलेली चांगली मर्यादा दिवसाला साधारण २५ ग्रॅमची आहे. शिवाय दर कपाला इन्सुलिन पुन्हा वर चढतं, ते वेगळंच. आमच्या घरी आता पाहुण्याला आधी ताक विचारतात, पातळ, जिरं-मीठ घातलेलं. चहा हवाच असेल तर साखर वेगळी ठेवतात. पहिले काही दिवस लोक बघत राहिले. आता त्यांतले दोघे-तिघे स्वतःहून "ताकच द्या" म्हणतात.

मग दोनदा की तीनदा?

माझं मत विचाराल तर आकड्यावर भांडू नये. ज्याला दोनदा जमतं त्यानं दोनदा जेवावं, शाळेत-कामावर जाणाऱ्या बहुतेक घरांना तीनदा सोयीचं पडेल. मधे चार-पाच तास पाण्यावर सहज जातील एवढं जेवण ताटात असलं की झालं. सुरुवात दुपारच्या जेवणापासून करावी, कारण संध्याकाळचं सगळं खाणं त्याच्याच उणिवेतून येतं. आणि मधलं खाणं पहिल्या दिवशी तोडायला जाऊ नका. ताट आधी भरा, डबा नंतर आपोआप बंद राहायला लागतो.

भाचीनं एवढंच केलंय. जाताना आजीनं तिला शेंगदाण्याच्या चटणीची बरणी बांधून दिली. नवाचे पोहे बंद केले नाहीत, सोबत दोन उकडलेली अंडी सुरू केली. दुपारी ती मेसवाल्या काकूंपुढं ताट धरते तेव्हा आता आवर्जून सांगते, "काकू, वरण ढवळा अन् तळातलं वाढा."